तिसऱ्या दिवशीचा पेला

पत्रिकेवर विषय छापलाय, 'मिश्र रेड वाइन: चव आणि मुरण्याची क्षमता'. त्याकडे येतोच. प्रत्येकापुढे दोन पेले भरून ठेवलेत, ते एवढ्यात उचलू नका. मागच्या रांगेत एक रिकामा झालेला दिसतोय. असो.

आधी माझी जुनी तक्रार. वाइन चाखायला चार माणसं जमली की पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत यादी सुरू होते: चेरी, आलुबुखार, चामडं, तंबाखू, देवदार. हे वास खोटे असतात असं नाही. कॅबर्ने सोव्हिन्यों जातीचं द्राक्ष नीट पिकलं नसेल तर ढोबळी मिरचीचा वास खरोखरच येतो. मेथॉक्सीपायराझिन गटातलं तेच द्रव्य दोन्हीकडे असतं. पण नाकाला डोळे फितवतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन दिली, बिनवासाचा लाल रंग घालून. आणि विद्यार्थ्यांनी तिला सगळे रेड वाइनचे शब्द बहाल केले! हसा, हसा. पुढची पाळी माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीत माझ्यापुढे काळ्या काचेचे तीन पेले ठेवले. रंग दिसायची सोय नाही. वाइनचं वय ओळखून कागदावर लिहायचं, खाली सही करायची. पहिला पेला: वास घट्ट मिटलेला, तुरटपणा असा की वरचा ओठ हिरडीला चिकटला. लिहिलं, 'दोन वर्षं'. दुसरा: तोच बांधा, पण वास मोकळा झालेला, तुरटपणा मऊ. 'सहा वर्षं'. तिसऱ्यात फळ मागे सरकलेलं, सुकल्या पानांसारखा वास, पण कणा ताठ. मी झोकात लिहिलं, 'बारा-तेरा, उताराला लागलेली' आणि सहीखाली रेघही ओढली. ती रेघ कशाला ओढली कोण जाणे.

तिन्ही पेल्यांत एकच वाइन होती. एक बाटली नुकतीच उघडलेली, दुसरी आदल्या दिवशी, तिसरी त्याच्याही आदल्या दिवशी. तो कागद नंतर हातोहात फिरला. घरी जाताना मी रागावलेलाच होतो, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशीचा पेला पहिल्यापेक्षा सरस होता आणि तिसऱ्यानंही मान टाकली नव्हती. दुसऱ्या एखाद्या वाइननं एका रात्रीत टाकली असती. आपल्याकडे मुरणं आणि विटणं असे दोन चोख शब्द आहेत. त्यांतलं कोणतं होणार याचा अंदाज अर्धी बाटली ठेवून दिली की येतो, एवढंच माझं म्हणणं. अंदाजच, बरं का. बूच लावलेल्या बाटलीत हवा जेमतेम शिरते, उघड्या बाटलीत ती धाडधाड घुसते. दोन्हींचं रसायन एक नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे छापलेला विषय आता पळत पळत.

तुरटपणा म्हणजे टॅनिन; लाळेतली प्रथिनं ते पकडतं म्हणून तोंड कोरडं पडतं. किती आहे यापेक्षा कसं आहे ते बघा. मखमलीसारखं दाट असेल तर चांगलं. कच्च्या बियांसारखं कडवट, ओरखडणारं असेल तर वर्षांवर भरवसा ठेवू नका; फळ आधी ओसरतं, कडवटपणा मागे राहतो. आंबटपणा घोटानंतर सुटणाऱ्या लाळेवरून कळतो. तो कमी, म्हणजे पीएच 3.8 च्या वर गेला की वाइन टिकवायला घातलेल्या गंधकाचं संरक्षण दुबळं होतं, जंतूंचं फावतं. पेला तिरका करून कड बघा: जांभळी असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वय झालेलं. रंगद्रव्यं टॅनिनशी जोडली जातात आणि काही तळाला गाळ होऊन बसतात.

द्राक्षांच्या जातींच्या मिश्रणाचं म्हणाल तर मर्लो मांस देतं, कॅबर्ने सोव्हिन्यों हाडं, कॅबर्ने फ्रांक सुगंध, पती व्हर्दो चिमूटभर पण गडद रंग. नव्या मिश्रणात शिवण दिसते: सुरुवातीला मर्लो, मध्ये पोकळी, शेवटी नुसतं ओकच्या पिंपाचं लाकूड. लाकूड बरेचदा काळानं विरघळतं. मधली पोकळी भरत नाही, ती मिश्रण करतानाच भरावी लागते. गिळल्यावर सेकंद मोजा, पण मागे काय रेंगाळतं तेही बघा: फळ, की फक्त अल्कोहोलची आच?

दुसरी चिठ्ठी आली. उचला पेले. एक आजच्या बाटलीतला आहे, दुसरा परवा उघडलेल्या. कोणता कुठला ते कागदावर लिहा. सही मात्र करू नका.