भोवरा तिसाव्या पानावर फिरू दे

(साताऱ्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, माझं भांडण मुलांच्या चित्रपुस्तकांतल्या एका वाक्याशी आहे. ‘मग तिने खूप सराव केला.’ डाव्या पानावर मुलीला भोवरा येत नाही, उजव्या पानावर तो गरगरतोय, आणि मधे हे वाक्य. अहो, ज्याच्यासाठी पुस्तक काढलं तेच गाळलं की! पुढच्या खेपेला भिलारला, पुस्तकांच्या गावी, गेलात की असं एखादं चित्रपुस्तक हातात घ्या आणि शिकण्याची पानं मोजा.

आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, हे सगळ्यांना पाठ. पण १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. मातीतला पैलवान तिथे गादीवर उतरला होता. मातीत पाय रुततो, गादीवर तो आधार नाही. पोराला बघायचीत ती मधली चार वर्षं. पदकाचं चित्र काय, कुणीही काढेल.

तर भोवरा. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, आरेपासून, खालच्या टोकदार खिळ्यापासून, गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटवत, पोटापर्यंत. दुसऱ्या टोकाची गाठ बोटांच्या बेचक्यात. भोवरा पुढे सुटला की हात मागे ओढायचा. आता चुका बघा. जाळी सैल असेल तर ती नुसतीच निसटते आणि भोवरा दगडासारखा पडतो. वेढ्यावर वेढा चढला तर जाळी अडकते आणि भोवरा उलटा अंगावर येतो. इथे बघणारी पोरं मागे सरकलेली दाखवा. जाळी नीट आहे पण हात मागे ओढलाच नाही, तर दोन गिरक्यांत आडवा. सोडताना मनगट कललं तर आर टेकतच नाही, भोवरा कुशीवर घरंगळत जातो. चार चुका, चार जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या चार जोड्या. एका वेळी एकच चूक दाखवा. मूल बोट ठेवून म्हणतं, ‘जाळी सैल आहे!’ पुस्तकातल्या मुलीच्या आधी त्याला कळतं. हे झालं की पुस्तक जमलं.

आणि एक जोडपान बिनशब्दांचं हवं. नुसता हात, जवळून. बोटावर जाळीचा लाल वळ, नखात माती.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत, आणि कबूल केलेला विषय, पुस्तकाची बांधणी, राहिलाच. भराभर सांगतो. १६ पानांचे दोन फर्मे, म्हणजे छापून घड्या घातलेले दोन मोठे कागद, एकूण ३२ पानं. शीर्षक आणि श्रेयनामावली पहिल्या तीन पानांत बसवलीत की ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ जोडपानं हाती राहतात. त्यातली निदान नऊ प्रयत्नांना द्या. मधे पिन मारणार असाल तर १६-१७ हे एकच जोडपान अखंड कागदाचं असतं. बाकी ठिकाणी दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि जुळणीत थोडे सरकतात. म्हणून भोवरा किंवा चेहरा शिवणीवर काढू नका. चूक उजव्या पानावर सुरू करा, परिणाम पान उलटल्यावर. अक्षर मोठं, ओळी मोकळ्या, म्हणजे वेलांट्या-उकार एकमेकांत शिरत नाहीत. एका पानावर दोन ओळी पुरे.

भोवरा पहिल्यांदा फिरेल तो पान ३० वर, तोही डगमगत. ३२ वर तो पुन्हा आडवा पडलेला दाखवा, आणि मुलगी जाळी गुंडाळतेय, आरेपासून.