लिव्हर नसलेला क्लच

[दृश्य: धनकवडीतली एक गल्ली. शटर वर जातं. ओळीनं उभ्या स्कूटर.]

सकाळचे साडेनऊ वाजलेत. या गॅरेजसमोर आत्ताच पाच गाड्या लागल्यात आणि पाचही बिनगिअरच्या. त्यातल्या तिघांची तक्रार एकच आहे: रेस द्यावी तेवढी कमीच, गाडी उचलतच नाही.

गिअरची मोटारसायकल चालवणाऱ्याला आपला क्लच ठाऊक असतो. रोज डाव्या हाताच्या बोटांत असतो तो. केबल कडक झाली की मनगट सांगतं. बिनगिअरच्या स्कूटरवर त्या हाताखाली ब्रेक असतो. क्लचला आपलं बोट कधी लागत नाही, त्यामुळे तो आहे हेच विसरायला होतं. पण तो असतो. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला, काळ्या कव्हरच्या आत, आणि दर सिग्नलला तो चाकाला इंजिनापासून एकदा सोडवतो, एकदा जोडतो. लक्ष्मी रस्त्यानं अलका चौकापर्यंत जायचं म्हटलं तरी किती वेळा, मोजून बघा.

[दृश्य: जुनी लुना, पेडल फिरताना.]

हा क्लच पुण्यात घरोघरी पोचवला तो लुनानं. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती बाजारात आणली. ५० सीसीचं इंजिन, सायकलसारखी पेडल, आणि क्लचचा लिव्हर नाही. सायकल येत होती त्या माणसाला लुना शिकवावी लागली नाही. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबा, रेस द्या, निघा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर तिच्याच वळणावर गेल्यात. पट्ट्यावर चालणारी पुली, आणि तिच्या टोकाला तोच, आपण होऊन धरणारा क्लच.

[दृश्य: टेबलावर उघडा क्लच. वस्तादांचे हात.]

या गॅरेजच्या मालकांना सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर एक सुटा क्लच ठेवला. तीन शू आहेत. प्रत्येक शू चतकोर भाकरीच्या काठासारखा वाकलेला, एका टोकाला पिनेवर अडकवलेला. बाहेरच्या कडेवर लायनर, म्हणजे घासून पकड घेणारी पट्टी, चिकटवलंय. तिन्ही शूंना एकमेकांशी बांधून आत ओढून धरणाऱ्या तीन स्प्रिंगा. या सगळ्यावर पोलादी झाकण बसतं. कॅटलॉगमध्ये त्याला क्लच आउटर म्हणतात, इथे सगळे वाटी म्हणतात. शू इंजिनाबरोबर फिरतात. वाटी चाकाशी जोडलेली असते. शू वाटीला टेकले नाहीत तर इंजिन आपलं आपण फिरत राहतं आणि गाडी जागेवर.

मग ते टेकतात कशानं? ज्यांनी शिवारात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. गोफण हळू फिरवली की दगड लोंबतो. जोरात फिरवली की तोच दगड दोरी ताणून हात ओढायला लागतो. इथे शू म्हणजे दगड आणि स्प्रिंग म्हणजे दोरी. शाळेच्या पुस्तकात याला अपकेंद्री बल म्हणतात. त्याची एक खोड आहे: फिरण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन मिनिटाला दीड हजारच्या आसपास फेरे घेतं, तेव्हा स्प्रिंग जिंकते. अडीच-तीन हजारांपर्यंत गेलं की शू जिंकतात, बाहेर फाकतात आणि वाटीला आतून धरतात.

आता खरी गोष्ट इथे आहे. धरायला लागणं आणि घट्ट धरणं यांच्या मधे थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात लायनर वाटीवर घासतं. घासल्याशिवाय गाडी झटका न देता उचलणारच नाही, तेव्हा ते घासणं हवंच. सेकंद-दोन सेकंद घासलं तर काही बिघडत नाही. पण चांदणी चौकाच्या चढावर, पुढे बस अडकलीय, गाडी मागे घसरू नये म्हणून आपण ब्रेक न धरता रेसवर गाडी तोलून धरतो. एक मिनिट, दीड मिनिट. त्या सगळ्या वेळात इंजिनाची जेवढी ताकद आहे ती सगळी त्या तीन पट्ट्यांवर आणि एका वाटीवर उष्णता होऊन उतरते. मग जळका वास येतो. तो वास पुण्यात कुठल्याही चढाच्या सिग्नलला नाकाला येतो आणि आपल्याला वाटतं शेजारच्या गाडीचा आहे.

म्हणून वस्ताद गाडीला हात लावायच्या आधी माणसाला एकच प्रश्न विचारतात.

"चढावर थांबता तेव्हा ब्रेकवर थांबता की रेसवर?"

[दृश्य: आई, हेल्मेट हातात, गॅरेजच्या पायरीवर.]

रांगेतली तिसरी गाडी माझ्या आईची आहे. तीन महिन्यांपूर्वी अशीच उचलत नव्हती, तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजनं क्लचचा अख्खा संच बदलून दिला होता. शू, स्प्रिंगा, पुली, वाटी, सगळं नवं. बिल भरून आई घरी आली, पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. तिथे परत गेलो तर उत्तर मिळालं, "तुमची चालवायची पद्धत चुकते." आईनं ते मनाला लावून घेतलं. ती सत्तावीस वर्षं दुचाकी चालवतेय.

वस्तादांनीही तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, "ब्रेकवर. दोन्ही ब्रेक धरून."

"मग लायनर घासून गेलं नसणार," वस्ताद म्हणाले. "दुसरं काहीतरी आहे. उघडू."

[दृश्य: कव्हरचे बोल्ट एकेक करून निघतात.]

कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. वस्ताद पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतात आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचतात. लांब बोल्ट आखूड जागी कसला की केसिंगला चीर जाते, म्हणून ही काळजी.

कव्हर निघालं की आत काळी भुकटी दिसते. लायनरची, पट्ट्याची. इथे मला एक मनापासून सांगायचंय. बऱ्याच ठिकाणी हवेचा पाइप लावून ही भुकटी फुर्रकन उडवून देतात आणि शेजारी उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा ती श्वासात घेतो. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसाला घातक असलेलं ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं, आणि समोरच्या लायनरमध्ये काय आहे हे नुसतं बघून कळत नाही. वस्ताद ओल्या फडक्यानं पुसतात आणि फडकं पिशवीत बांधून टाकतात. त्यांच्याकडच्या पोराच्या तोंडावर मास्क आहे. दहा रुपयांची गोष्ट आहे, पण मी ती फार कमी ठिकाणी पाहिलीय.

वाटीचा नट सोडवायचा तर वाटी फिरू द्यायची नाही. त्यासाठी वाटीला पट्टा आवळून धरणारं हत्यार मिळतं. भोकात स्क्रू ड्रायव्हर अडकवून जोर काढणारे लोक वाटी तरी वाकडी करतात, नाहीतर हात सोलून घेतात.

[दृश्य: वाटीची आतली बाजू, उजेडात फिरवताना.]

वाटी हातात घेतल्यावर पहिल्यांदा रंग बघायचा. आतून निळे डाग पडले असतील तर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापून गेलंय. मग नख फिरवायचं. नखाला खाचा लागल्या किंवा वाटीचा गोल बिघडला असेल तर नवे शू घालूनही ती थरथरणारच. आईच्या गाडीची वाटी मात्र स्वच्छ होती. निळी नाही, खाचा नाहीत, फक्त चकाकत होती. तेलकट चकाकत होती.

वस्तादांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"गिअर ऑइल. ताई, क्लच मेला नव्हता, न्हाला होता."

पट्टा आणि मागची पुली बाजूला काढली तेव्हा मूळ सापडलं. गाडी बिनगिअरची म्हणतात ती गिअर बदलावे लागत नाहीत म्हणून; पुलीच्या मागे गिअरबॉक्स असतोच, आणि त्यातून शाफ्ट बाहेर येतो तिथे रबराचं एक सील असतं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याची कड कडक होऊन तडकली होती आणि तिथून तेलाची बारीक रेघ खाली उतरली होती. हा क्लच कोरडा चालणारा आहे. थेंबभर तेल लायनरवर आलं की पकड संपली. संच बदलला तेव्हा हे सील त्या आधीच्या गॅरेजवाल्यांच्या डोळ्यासमोर होतं.

सील बदलण्याआधी वस्तादांनी शाफ्ट धरून वरखाली हलवून पाहिला. तो हलत असेल तर आतलं बेअरिंग गेलंय आणि नवं सीलही दोन महिन्यांत फाटेल. आईचा शाफ्ट घट्ट होता. लायनर मात्र वाचवता आलं नाही. वरवर तेल लागलं असेल तर ब्रेक क्लीनर मारून निघतं, पण हे तीन महिने तेल पीत बसलं होतं. पुसून बसवलं तर दोन दिवस चालेल, मग तापेल आणि आत मुरलेलं तेल पुन्हा वर येईल. शू नवे घेतले, सील नवं घेतलं. वाटी, पुली, स्प्रिंगा त्याच.

[दृश्य: नाना पेठ. स्पेअर पार्टची दुकानं, भिंतीवर टांगलेले पट्टे.]

शू आणायला नाना पेठ. दुचाकीचा कुठलाही भाग पुण्यात इथे मिळतो. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही क्लच मिळतात, पण लायनर जुन्या बाजारातून घेऊ नये. ते किती तापून आलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

[दृश्य: दुसरी स्कूटर. मागे जेवणाच्या डिलिव्हरीची चौकोनी पेटी.]

या मुलाची गाडी निघताना थरथरते आणि किर्र वाजते. लायनर जाडीला भरपूर आहे. नवं असताना ते साधारण चार मिलिमीटर असतं, दोनवर आलं की बदलायचं; नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. याचं तीनच्या वर आहे, फक्त काचेसारखं गुळगुळीत झालंय. सारखं थांबत-निघत चालवलं, थोडं थोडं तापत राहिलं की असं होतं. इथे नवं काही लागत नाही. जाड पॉलिश पेपरनं लायनरची चमक मोडायची, वाटीला आतून तिरक्या रेघा मारायच्या, दोन्ही ब्रेक क्लीनरनं धुवायचे. शूच्या पिना काढून पुसायच्या आणि त्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं नुसतं बोट लावायचं. पिनेवर शू अडकत असेल तर तिघांतला एक मागे राहतो आणि दोघंच गाडी ओढतात. थरथर त्यातूनही येते.

स्प्रिंगा वस्ताद उजेडात धरून बघतात. वेटोळी एकमेकांना चिकटलेली हवीत. मधून उजेड दिसला तर स्प्रिंग ढिली झालीय. अशी एक सापडली तरी तिन्ही बदलायच्या. ढिल्या स्प्रिंगचा शू लवकर बाहेर पडतो, स्लोवरच वाटीला टेकतो आणि गाडी रेस न देता पुढे सरकायला लागते. पण गाडी आपोआप सरकते म्हणून कोणी आलं, तर वस्ताद आधी स्लो बघतात. कोणीतरी स्लो वाढवून ठेवलेला असतो. अर्धा फेरा स्क्रू फिरवला की काम झालं, आणि त्याचे ते पैसे घेत नाहीत.

एक काम मात्र घरी करू नका. शू बसवलेली प्लेट पुलीपासून वेगळी करताना मधे एक मोठी स्प्रिंग दाबलेली असते. दाबून धरायचं हत्यार न लावता तो मोठा नट सोडला तर सगळं तोंडावर येतं. वस्तादांच्या भुवईवर खूण आहे. शिकत होते तेव्हाची.

आणि पावसाळा. सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर कव्हर उघडून आतलं कोरडं करून घ्या. पट्टाही घसरतो, क्लचही घसरतो आणि लोक इंजिनाला दोष देतात.

[दृश्य: रस्त्यावरून आवाज न करता एक विजेची लुना जाते.]

२०२४ च्या फेब्रुवारीत लुना परत आली, विजेची होऊन. तिची मोटर चाकातच आहे. क्लच नाहीच. वस्ताद तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "चांगली आहे." आणि पुन्हा शूकडे वळले.

[दृश्य: जुन्या कात्रज घाटाचा चढ. संध्याकाळ.]

कव्हर लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला गेला. पुढच्या वेळी कव्हर कोणीही उघडो, त्याला तो दिसेल.

घाटाच्या चढावर वस्तादांनी आईला मागे बसवलं. मधेच थांबले, दोन्ही ब्रेक धरून. ब्रेक सोडला, रेस दिली. इंजिनाचा आवाज जरासा चढला, आणि तो पुढे चढायच्या आत गाडी निघाली. असं पाच वेळा. मग गाडी कडेला घेऊन स्टँडवर लावली. वस्ताद गुडघ्यावर बसले, कव्हरच्या जाळीजवळ नाक नेलं.

आई विचारते, "येतोय का वास?"

"नाही," वस्ताद म्हणतात. "तुम्ही बघा."

आई वाकून बघते.