गादीच्या पोटात

मंडळी, गादी घेताना आपण काय करतो? तळहाताने दोनदा दाबतो, काठावर बसून जरा उसळून बघतो आणि "छान आहे" म्हणून मोकळे होतो. मीही आजवर तेच करत आलो. मग एकदा गाद्यांचा कारखाना आतून बघायला मिळाला.

आधी फोम. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन मुख्य रसायनं, आणि त्यात थोडं पाणी. पाणी कशाला? आयसोसायनेटशी त्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तोच फोम फुगवतो. सरकत्या पट्ट्यावर सायीसारखं पातळ मिश्रण पडतं. पट्ट्याच्या बाजूने आपण चालू लागावं, तर दोनेक मिनिटांत ते कमरेपर्यंत आलेलं असतं! पूर्ण फुगल्यावर वर बारीक बुडबुडे फुटतात. आतल्या पेशींचे, म्हणजे बारीक पोकळ्यांचे, पडदे फाटून वायू बाहेर पडतो. फोमने हा सुस्कारा टाकला नाही, तर थंड होताना ठोकळा आक्रसतो.

आणि हे ठोकळे तापतात, चांगलेच तापतात. पोटात उष्णता दीडशे अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि फोम स्वतःच उष्णता अडवणारा, त्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. म्हणून ताजे ठोकळे एकमेकांना न चिकटवता, अंतर सोडून, जवळजवळ दिवसभर ठेवतात. नाहीतर आतून पेट घेण्याची भीती. त्या दालनात सगळे हळू आवाजात बोलत होते, का कोण जाणे.

माझ्या डोक्यातला मोठा गोंधळ सुटला तो कापणीच्या दालनात. मला वाटायचं, कडक गादी म्हणजे टिकाऊ गादी. पण कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन किती किलो. कडकपणा म्हणजे फोमचा तुकडा जाडीच्या २५ टक्के दाबायला लागणारं बळ. रसायनं बदलून हलका फोम कडक करता येतो, आणि तोच काही वर्षांत मधोमध खोलगट होतो. आपला तळहात फक्त कडकपणा जोखतो. बरं, वजनावर विसंबावं, तर फोममध्ये खडूची पूड घालून वजनही वाढवता येतं!

मेमरी फोम, म्हणजे दाबल्यावर हळूहळू मूळ आकारात येणारा फोम. त्याबद्दल एवढंच सांगतो, की तो १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांकरिता शोधला गेला. झोपेशी त्याचा संबंध नंतर आला.

स्प्रिंगच्या विभागात मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. पोलादी तार यंत्रात सरळ शिरते आणि वेटोळं होऊन बाहेर पडते. वळवताना तारेत आलेला ताण घालवायला ती तापवतात. साध्या प्रकारात स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात, म्हणून एक दबली की शेजारणीही खाली जातात. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या स्वतंत्र पिशवीत, तीही दाबून भरलेली. पिशवी तिला पूर्ण उंच होऊच देत नाही. म्हणजे आपण आडवे होण्याआधीच ती ताणात असते. बिचारी!

शेवटी थर एकावर एक चिकटवतात, वर क्विल्ट केलेलं, म्हणजे आत मऊ थर घालून टाके मारलेलं, कापड येतं आणि कडेची पट्टी शिवली जाते. सगळ्यात कौशल्याचं काम हेच. शिलाईयंत्र गादीभोवती फिरतं आणि चालवणारा माणूस एका हाताने कापड आत दाबत, दुसऱ्याने पट्टी ओढत त्याच्याबरोबर चालतो. कोपऱ्यावर त्याचा वेग बदलतो तो बघण्यासारखा. ती पट्टी बसली, की आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

बाजूच्या खोलीत चाचणी चालू होती. युरोपीय मानकात साधारण १४० किलोच्या भाराचा रूळ गादीवरून ३०,००० वेळा फिरवतात आणि मग उंची व कडकपणा किती घटला ते मोजतात. मी दहा फेऱ्या मोजल्या आणि कंटाळलो.

निघताना तयार गाद्यांची चळत लागली. घनता, कडकपणा, सगळं नुकतंच ऐकलेलं. तरी चालता चालता माझा हात गेलाच, दोनदा दाबून बघितलं. सोबतचे सुपरवायझर हसून म्हणाले, "दाबा, दाबा. आम्हीपण घरी घेताना तेच करतो."