प्लायवूडच्या बाजूने

(नागपुरात संगीतप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'परवडणारा डबल बास : निवड आणि खरेदी'. आकार, किंमत, तारा, वाहतूक हे सगळं मी क्रमाने सांगणार आहे. पण त्याआधी मला प्लायवूडची बाजू मांडायची आहे. ती तुम्हाला पटली नाही, तर पुढचा हिशेब मांडून उपयोग नाही.

समोर बास गिटारवाले दिसतायत, चर्चच्या क्वायरमधली मंडळी आहेत, मागे दोन-तीन तबलजीही बसलेत. त्यामुळे डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला, माणसाएवढा उंच, उभा धरून वाजवायचा बास, यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. फक्त आपल्या शास्त्रीयवाल्यांसाठी एक माप देतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खरज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. बासची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, सुटी वाजवली की ४१ हर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरमधून हा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. कानावर येतात ते त्याचे वरचे स्वरांश. तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ बघून बास पसंत करू नका. पोरं आजकाल तेच करून राहिली आहेत, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता प्लायवूड. नाव काढलं की लोकांचं तोंड वाकडं होतं. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, 'सर, सॉलिड लाकूड आहे, प्लाय नाही,' आणि घेणारा खूश होतो. मला याचा मनापासून राग येतो. अहो, तुम्ही राहता कुठे? मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हवेतला ओलावा पार आटतो. जुलैत त्याच घरात भिंतींना ओल येते आणि दारं चौकटीत अडकतात. त्यात आपला कूलर! दुपारी खसाचा ओला वारा, रात्री कूलर बंद, सकाळी पुन्हा कोरडं. लाकूड ओलावा पितं तेव्हा रेषांना आडवं फुगतं, वाळलं की आडवंच आकसतं. बासची वरची फळी म्हणजे स्प्रूसचं रुंद, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं पान. कडेने ते चिकटवलेलं असतं आणि चार तारांचा ताण शंभर किलोच्या वर जातो. त्या पानाला आकसायला जागा मिळाली नाही, तर ते रेषेवर फाटणारच.

प्लायमध्ये पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. एका पापुद्र्याची रेष उभी, दुसऱ्याची आडवी. त्यामुळे चीर पळायला वाट मिळत नाही. शिकागोच्या के कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून असे बास काढले. शाळांच्या वाद्यवृंदांत, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतात, जॅझमध्ये लोकांनी त्यांवर वर्षानुवर्षं वाजवलं, आणि त्यातले कितीतरी आजही वाजतायत. कोरीव, म्हणजे सॉलिड लाकूड कोरून केलेल्या बासचा स्वर खोल असतो, धनुष्याने वाजवताना तर फरक ठळक कळतो. ते मला मान्य आहे. पण बोटाने छेडून वाजवणाऱ्या, हातात लाखभर रुपये असलेल्या, एसी नसलेल्या घरात राहणाऱ्या नागपूरकराने काय घ्यावं, हा आपला प्रश्न आहे. त्याचं उत्तर माझ्या मनात अगदी पक्कं आहे.

ते कसं पक्कं झालं, ते सांगतो. थोडं लांबेल, पण त्यातच निम्मं व्याख्यान आहे.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बास गिटार उत्तम वाजवायचा आणि उभ्या बासचं वेड लागलेलं. इथेच नागपुरात, सदरला एका जुन्या बंगल्यात बास विकायला आहे, असं त्याला कळलं. वडील, तो आणि मी असे तिघे गेलो. घरात एकट्या आंटी. त्यांचे यजमान तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सना वाजवायचे. पुढे १९५१मध्ये फेंडरची इलेक्ट्रिक बास गिटार बाजारात आली, हळूहळू ती सगळीकडे पोचली आणि हे मोठं धूड कोपऱ्यात गेलं. जगभर तेच झालं, सदरलाही झालं. आंटींनी चादर काढली आणि मुलगा जागीच थबकला. बास खरोखर देखणा होता. मधाच्या रंगाचं व्हार्निश, पाठीवर मेपलचे वाघपट्टे, कोरीव गोगलगायीचं डोकं. वडील माझ्या कानाशी आले, 'सर, हे तर खरं लाकूड आहे ना?' खरंच होतं.

मी खिशातून टॉर्च आणि छोटा आरसा काढला. हे दोन्ही नेल्याशिवाय जुना बास बघायला कधी जाऊ नका. आधी एफच्या आकाराच्या भोकाची कड बघितली. रेष वरून आत सलग उतरलेली, म्हणजे सॉलिड. तिथे पापुद्रे दिसले असते तर प्लाय. काही जण ही कड मुद्दाम काळी रंगवतात. तसं असेल तर आरशाने आतली बाजू बघायची. बाहेरची गाठ किंवा रेष आतही त्याच जागी आहे का, ते जुळवायचं. मग बास हलकेच तिरका केला, तर आत काहीतरी गडगडलं. तो साउंडपोस्ट, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसत्या दाबावर उभी असणारी काठी. कोणीतरी चारही तारा एकदम सैल केल्या होत्या, दाब गेला, काठी पडली. इथवर हरकत नव्हती. पडलेला पोस्ट जाणकार माणूस पुन्हा उभा करतो.

मग मी बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत फिरलो. चिकटलेली कड भरीव बोलते, उघडलेली कड खडखडते. खालच्या अंगाला एका जागी भरीवपणा जरा जास्तच वाटला. टॉर्च तिरपी धरली, तर सांध्यातून पांढरट चकचकीत डिंक ओघळून सुकलेला. आणि तिथून बोटभर अंतरावर, एफच्या टोकापासून खालपर्यंत, वरच्या फळीला सरळ चीर. आत नखाचं टोक जाईल एवढी रुंद.

आंटींना विचारलं, तर म्हणाल्या, हो, उन्हाळ्यात खालची कड उघडली होती. फर्निचरवाला घरी आलाच होता, त्याने चिकटवून दिली, पैसेही घेतले नाहीत. भला माणूस! आणि त्याच्या भलेपणाने बास गेला. हे नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. बासच्या कडा सरसाने चिकटवतात. सरस मुद्दाम पातळ, जरा कमजोर लावायचा. लाकूड आकसलं की आधी सांधा उघडावा, फळी फुटू नये, अशी ती योजना असते. उघडलेला सांधा ही फुकटात मिळालेली सूचना आहे. गरम सरस, थोडे क्लॅम्प, काम झालं. पण सुतारकामाचा पांढरा डिंक लाकडापेक्षा घट्ट बसतो. पुढच्या मे महिन्यात फळी पुन्हा आकसली, सांधा सुटेना, मग लाकूडच फाटलं. आता ती फळी उतरवायची, डिंक खरवडायचा, चीर सांधून आतून ठिगळं लावायची. आंटींची किंमत रास्त होती, पण दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या वर गेला असता, आणि एवढं मोठं काम हातात घेईल असा माणूस मला गावात माहीत नव्हतं.

मुलगा घरी जाईपर्यंत बोलला नाही. वडील मात्र स्कूटर काढता काढता म्हणाले, 'काऊन सर, इतकं खरं लाकूड सोडून आता प्लाय घ्यायचा?' मी म्हटलं, हो भाऊ, प्लायच.

त्यांनी घेतला. नवा, बाहेरगावच्या एका दुकानातून, 'रेडी टू प्ले' असं आश्वासन घेऊन. माझी दुसरी तक्रार इथून सुरू होते. खोकं उघडलं तर ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी, वेगळ्या पिशवीत. तो उभा केला, तारा ताणल्या, तर फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीच्या, टोकाशी तारांखालून माझी करंगळी आरामात सरकत होती. मुलाच्या बोटांना पहिल्या आठवड्यात फोड आले. दुकानात फोन केला, तर उत्तर मिळालं, 'बास असाच असतो, सवय होईल.' नाही हो, असा नसतो! चांगल्या बसवलेल्या बासवर फिंगरबोर्डच्या टोकाशी सगळ्यात बारीक 'जी' (G) तार पाच-सहा मिलिमीटर आणि 'ई' (E) आठ-नऊ मिलिमीटरच्या आसपास उंच असते. बासचा ब्रिज तयार येतच नाही. त्याचे पाय त्या एका वाद्याच्या पोटाच्या वळणाला तासून बसवावे लागतात, मग ब्रिजची वरची कड तासून उतरवायची, मग नटाच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोल करायच्या. हे हाताचं काम आहे.

आणि आपल्याला हे परकं का वाटावं? मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी पेपरात कौतुकाने वाचलं. तानपुरा घेतला की जवारी काढून घ्यायची, म्हणजे घोडी घासून स्वर खुलवून घ्यायचा, पुन्हा काही काळाने काढायची, हे आपल्या घराघरात माहीत आहे. जवारीचे पैसे देताना कोणी कुरकुरत नाही. बासच्या ब्रिजचे पैसे म्हटले की मात्र 'वाद्यात हे धरलेलं नाही का?' असा प्रश्न येतो. नाही, धरलेलं नाही. ते तुम्हीच धरायचं आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, आता झरझर घेतो, वह्या काढा.

पैसे. समजा तुमच्याकडे एक लाख आहे. वाद्यावर सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या वर जाऊ नका. उरलेले ब्रिज, नट, तारा आणि जाड अस्तराच्या पिशवीसाठी. लाखाचा बास जसाच्या तसा वाजवण्यापेक्षा सत्तर हजारांचा नीट बसवलेला बास हाताला सोपा जातो. हायब्रिड म्हणजे वरची फळी सॉलिड, बाकी प्लाय. स्वर जास्त मोकळा, पण आपल्या हवेत धोका त्या वरच्या फळीलाच असतो. घरात बारमाही एकसारखी हवा ठेवता येत असेल तरच त्याचा विचार करा.

आकार. 'थ्री-फोर्थ' असं लिहिलेलं दिसलं की 'लहान मुलांचा आहे का?' असं विचारू नका. मोठ्या माणसांचा नेहमीचा आकार तोच. तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर, उंची सहा फुटांच्या आसपास.

जुना बास बघताना टॉर्च, आरसा, टकटक हे झालं. शिवाय मानेचा खालचा जोड बघा. बास पडला की तडा तिथे जातो. फिंगरबोर्डवर ओलसर पांढरा रुमाल घासा. रंग सुटला तर तो आबनूस नाही, रंगवलेलं साधं लाकूड आहे. त्याने वाद्य बाद होत नाही, पण किंमत नक्की उतरवून मागा. तार दोन्ही टोकांना दाबून मधली फट बघा. किंचित असावी, आणि फिंगरबोर्ड कुठेही उंचसखल नसावा. प्रत्येक तारेवर एकेक स्वर वर चढत जा, खरखर कुठे येते ते ऐका. लाकडाची भुकटी पडलेली दिसली, बारीक भोकं दिसली, तर कीड आहे, परत फिरा. आणि साउंडपोस्ट डिंकाने चिकटवलेला असेल, तर आधी तो सोडवून घ्यायचा खर्च धरा. पोस्ट कधीच चिकटवत नाहीत.

तारा. स्वस्त बासवरच्या तारा बहुतेक वेळा टाकाऊ असतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या स्पायरोकोर जॅझवाल्यांत वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत, स्वर लांब टिकतो. डडारिओच्या हेलिकोअर हायब्रिड बोटाला आणि धनुष्याला दोन्हींना चालतात. चांगला संच दहा हजारांच्या पुढे जातो, तेव्हा तो आधी हिशेबात घ्या. बदलताना एकेकच तार काढा. सदरच्या बासमध्ये काय गडगडलं, ते आत्ताच ऐकलंत.

ब्रिजला उंची कमीजास्त करणारी पितळी किंवा अॅल्युमिनियमची चाकं बसवून घ्या, कंजुषी नको. पावसाळ्यात फळी फुगून तारा वर जातात, उन्हाळ्यात खाली बसून फरफरतात. चाकं असली की अर्धा फेरा फिरवला आणि काम झालं. बास कूलरच्या झोतात ठेवू नका, त्याच्या समोरच्या भिंतीलाही नको. आतल्या खोलीत, कोपऱ्यात, एफची भोकं भिंतीकडे करून उभा करा. म्हणजे लहान मुलं आत पेन्सिली टाकत नाहीत.

धनुष्य? पहिल्या वर्षात घ्याच, साधं घ्या. सूर पक्का करायला लांब धरलेल्या स्वरासारखा दुसरा गुरू नाही.

वाहतूक. मालगाडीने किंवा ट्रान्सपोर्टने येणार असेल, तर ब्रिज उतरवून, तारा सैल करून, पोस्टजवळ खूण करून पाठवायला सांगा आणि खोकं ट्रकवाल्यासमोर उघडा. छोट्या गाडीत बसतो, हो, बसतो! ड्रायव्हरशेजारची सीट पूर्ण आडवी करायची, मागच्या दारातून मान आधी आत घालायची, बास कुशीवर निजवायचा. ब्रिजवर भार कधीच नाही. एका ई-रिक्षावाल्याने मला विचारलं होतं, 'भाऊ, याचं तिकीट एक का दोन?' मी दोन दिली आणि तो पोचेपर्यंत खड्डे चुकवत गेला. वाटेत जेवायला थांबलात, तर उन्हात बंद गाडीत बास सोडून जाऊ नका. आतली उष्णता वाढली की सरस मऊ पडतो आणि प्लायच्या बासचीही मान जोडातून सरकते.

पुन्हा चिठ्ठी आली. थांबतो. हा इथे मंचावर आणलेला बास त्या मुलाचाच आहे. तो आता पुण्यात नोकरीला आहे, बास आईवडिलांकडे असतो, त्यांनी आजच्यापुरता दिलाय. टॉर्च आणि आरसा टेबलावर आहेत. चार-चार जण या. आधी एफची कड बघा, पापुद्रे मोजा, मग ई तार छेडा, आणि कान पोटाशी नेऊन ऐका.