सीमेपलीकडचं सॅलड

पत्रिकेत विषय छापलाय, 'सीमेवरचं शहर कसं पाहावं'. माझं म्हणणं एवढंच, की असं शहर शेजाऱ्याच्या बंदीवर पोसलं जातं. ते सिद्ध करतोच, पण आधी सॅलडचं सांगतो.

मुलाकडे सॅन डिएगोला गेलो होतो. तिथली निळ्या लाइनची ट्रॉली शेवटच्या स्टेशनवर, सॅन इसिद्रोला सोडते. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. चालत गेलो, पासपोर्ट दाखवला, आलं तिहुआना. आमच्या सोसायटीचा वॉचमन याहून जास्त चौकशी करतो. (हशा)

आव्हेनिदा रेवोलुसिओन या मुख्य रस्त्यावर गाढवं उभी असतात, अंगावर झेब्र्याचे पट्टे रंगवलेली. कृष्णधवल फोटोत फिकट गाढव उठून दिसेना, म्हणून पट्टे ओढले म्हणतात. फोटोचे पैसे आधी ठरवा.

त्याच रस्त्यावर 'सीझर्स'. सीझर सॅलडचा रोमशी काही संबंध नाही. सीझर कार्डिनी नावाच्या इटालियन हॉटेलवाल्यानं ते 1924 मध्ये तिहुआनात केलं, असं सांगतात. आमची ही शुद्ध शाकाहारी, सॅलड म्हटल्यावर निर्धास्त. वेटर मोठं लाकडी वाडगं घेऊन टेबलाशीच आला. लसूण, मोहरी आणि काहीतरी तपकिरी घालून रगडत बसला. मग अंड्याचा बलक. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अगं केकमध्ये असतंच की. लिंबू पिळलं, चीज किसलं, लेट्यूसची अख्खी पानं त्यात घोळवली. "चव आहे हो याला!" ही म्हणाली. मला मात्र तो वास ओळखीचा वाटत होता. मुलाला हळूच विचारलं, ते तपकिरी काय? अँकोव्ही. म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण! पानं संपेपर्यंत मी गप्प बसलो. आज ही पहिल्या रांगेत बसलीय, तिला हे आत्ताच कळतंय. (मोठा हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. 1920 साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि तिकडची तहान इकडे धावली. गोव्याहून येताना बांद्याला डिकी उघडून दाखवलेल्यांना जास्त सांगायला नको. कार्डिनी राहायचा सॅन डिएगोत, धंदा तिहुआनात, तो याच कारणानं. 1928 मध्ये तिहुआनातच आग्वा कालिएन्तेचा कॅसिनो उघडला, हॉलिवूडची मंडळी येऊ लागली. 1933 मध्ये दारूबंदी उठली आणि 1935 मध्ये अध्यक्ष कार्देनास यांनी मेक्सिकोतच जुगार बंद केला. कॅसिनो संपला. शहर मात्र संपलं नाही. आज लोक दात बसवायला आणि औषधं घ्यायला येतात. अमेरिकेत जे परवडत नाही, तीही बंदीच की.

सीमेचं कुंपण थेट समुद्रात शिरतं, तो तिहुआनाचा किनारा, प्लायास, राहिलाच. हो, थांबतो. परतीच्या रांगेत आम्हाला अडीच तास लागले, तेव्हा खिशात सुटे पेसो ठेवा. चुरो, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, विकणारे रांगेतच भेटतात.