खाचेतली घरघर

रस्ता रिकामा आहे, गाडी अजून दृष्टिपथात आलेली नाही, तरीही पायांखालून अखंड घरघर ऐकू येते आहे. दोन रुळांच्या मधोमध ही जी अरुंद खाच दिसते, तिच्याखाली पोलादी दोर धावतो आहे. 'केबल कार' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रायगडाचा रोपवे उभा राहतो. सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार मात्र हवेत लटकत नाही. ती रुळांवर चालते, तिच्यात इंजिन नसते आणि तिला ओढणारा दोर रस्त्याच्या पोटात असतो.

गाडी आली. पाहुण्यांची पहिली धाव असते ती बाहेरच्या पायफळीकडे, खांबाला धरून उभे राहण्याच्या जागेकडे. (स्त्रियांना या पायफळीवर उभे राहण्याची १९६५ पर्यंत मुभा नव्हती.) आपण मात्र आतल्या बाजूला, त्या उंच दांड्यामागे उभ्या असलेल्या ग्रिपमनच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या, हातांकडे पाहू या. दांडा मागे ओढला, की खाचेतून खाली गेलेली पक्कड धावत्या दोराला धरते. ती एकदम आवळली, तर गाडीला हिसका बसेल. म्हणून दोर आधी पकडीतून थोडा घसरू द्यायचा, गाडीने वेग धरला की पकड घट्ट करायची. दोराचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर, आणि पकड पूर्ण बसली की गाडीचाही तोच. जिथे एका मार्गाचा दोर दुसऱ्याला आडवा जातो, तिथे ग्रिपमन आपला दोर सोडून देतो, गाडी आपल्याच वेगाने चौक ओलांडते आणि पलीकडे तो पुन्हा दोर उचलतो. या कामाला ताकद लागतेच, पण त्याहून अधिक लागतो तो हाताचा अंदाज. ग्रिपमनच्या जागेवर उभी राहिलेली पहिली स्त्री, फॅनी बार्न्स, हिने हे काम १९९८ मध्ये हाती घेतले.

हा दोर येतो कुठून, हे पाहण्यासाठी वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या इमारतीत उतरावे. येथील संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, आणि सज्जातून दिसणारी ही प्रचंड चाके देखाव्यासाठी ठेवलेली नाहीत. शहरातल्या तिन्ही मार्गांना लागणारे चारही दोर या क्षणी हीच चाके खेचत आहेत. एकेका दोरामागे ५१० अश्वशक्तीची विजेची मोटर आहे. दोर साधारण सव्वा इंच जाडीचा, गाभ्याभोवती सहा पोलादी पेड वळलेला असा असतो.

कोपऱ्यातली ही छोटी गाडी १८७३ सालची आहे. अँड्र्यू हॅलिडी हा तारेचे दोर बनवणारा कारखानदार. खाणींत माल वाहणारा दोर शहराच्या चढांवर माणसेही वाहू शकेल, या विचाराने त्याने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्ले स्ट्रीटच्या चढावर पहिली चाचणी घेतली. त्याआधी या चढांवर गाड्या घोडे ओढत असत. पुढे मार्ग वाढले. १९०६ च्या भूकंपाने त्यांतले बरेच उद्ध्वस्त केले आणि विजेच्या ट्रामने अनेकांची जागा घेतली.

आता हाइड स्ट्रीटचा माथा. समोर उपसागर, त्यात अल्काट्राझ बेट, आणि त्याच्याकडे तोंड करून कोसळणारा उतार. चाकांच्या ब्रेकवर एकट्याने भागत नाही, म्हणून रुळांवर लाकडी ठोकळे दाबले जातात. ते इतके झिजतात की काही दिवसांतच बदलावे लागतात. मागचा ब्रेक कंडक्टरच्या हाती असतो. हेही निकामी झालेच, तर खाचेत पोलादी पाचर ठोकली जाते, आणि ती कधी कधी इतकी घट्ट रुतते की कापून काढावी लागते.

उताराच्या पायथ्याशी हा फिरता चौथरा आहे. पॉवेल स्ट्रीटवरून येणाऱ्या गाड्या एकाच टोकाने चालवता येतात, त्यामुळे त्या इथे हातांनी ढकलून फिरवतात. चौथऱ्याला फ्रीडेल क्लुसमन यांचे नाव आहे. १९४७ मध्ये महापौर रॉजर लॅपहॅम यांनी पॉवेलच्या केबल कार बंद करून बसगाड्या आणण्याचे ठरवले, तेव्हा क्लुसमन यांनी महिला संघटनांना हाताशी धरून नागरिकांची समिती उभी केली आणि प्रश्न मतपेटीपर्यंत नेला. १,६६,९८९ मते गाड्या ठेवण्याच्या बाजूने पडली, विरोधात ५१,४५७. पुढे १९८२ पासून जवळजवळ दोन वर्षे सेवा थांबवून रूळ आणि खाचा नव्याने बांधाव्या लागल्या, तेव्हाही हा मार्ग मोडीत निघाला नाही.

भाडे साध्या बसच्या दुपटीहून जास्त आहे आणि रांगा लांब असतात, त्यामुळे रोज कामावर जाणारे या गाड्यांत कमी दिसतात.

गाडी वळली आहे. ग्रिपमन दांड्यामागे आपल्या जागी येतो, कंडक्टर घंटा देतो, आणि खाचेखालचा दोर पुन्हा पकडीत येतो.