खालून पाणी, वरून भुसकट

(दृश्य: मे महिना, दुपार. गच्चीवर ओळीनं ठेवलेल्या काळ्या कुंड्या. माती भेगाळलेली, टोमॅटोची पानं कोमेजून लोंबलेली.)

निवेदन:
मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या भांड्यात पाणी ठेवलं, तर दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातं. वाऱ्याच्या दिवशी त्याहून जास्तच. अकरा इंच तोंडाच्या बादलीतल्या ओल्या मातीचा हिशेब केला, तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मुळापर्यंत न पोचताच हवेत गेलं. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलखानं ते दिवस पाहिले, तिथं घरची भाजी पिकवायची तर पाणी वरून ओतायची सवय आधी सोडायला हवी. पाणी खाली साठवायचं, झाडाला ते वर ओढू द्यायचं आणि मातीचं तोंड झाकून टाकायचं. पुढची सगळी जुळणी एवढ्यासाठीच आहे.

(दृश्य: रंगाची रिकामी वीस लिटरची बादली. तापवलेला खिळा. पांढरा पाइप.)

बादली डिस्टेंपरची असावी, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची. आतला रंग वाळला की पापुद्र्यासारखा निघून येतो. ऑइल पेंटची नको. कीटकनाशकाचा कॅन तर कितीही वेळा धुतला तरी खाण्याच्या झाडाला वापरायचा नाही.

तळापासून दहा सेंटिमीटरवर बादलीच्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक पाडा. हा या बादलीचा सांडवा. धरण जसं सांडव्यापर्यंतच भरतं, तसं इथलं पाणी या भोकापर्यंतच चढणार. तळाला भोक पाडायचं नाही. आता पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा दीड-पावणेदोन फुटांचा तुकडा घ्या आणि खालचं टोक तिरकं कापा. सरळ कापलं तर ते तळाला चिकटून बसतं आणि पाणी बाहेर पडत नाही. पाइप बादलीत कडेला उभा करा, खाली पाणी यातूनच भरायचं.

यानंतर या बादलीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, तळाकडचा दहा सेंटिमीटरचा भाग कापा आणि त्याला चारही बाजूंनी आणि तळाला बारीक भोकं पाडा. असे दोन पेले करा. त्यात मातीचं मिश्रण दाबून भरा आणि ते बादलीच्या तळाशी उभे ठेवा. हे दोन पेलेच वातीचं काम करतात. दिव्यात वात तेल ओढते, तशी ही दाबलेली माती पाणी वर ओढते. जुन्या सुती धोतराची वात बरेच जण लावतात. सुरुवातीला ती छान चालते, पण सतत पाण्यात राहून काही महिन्यांत कुजते आणि मग बादली उपसल्याशिवाय इलाज उरत नाही. मातीची वात कुजत नाही.

पेल्यांच्या भोवती सांडव्याच्या उंचीपर्यंत विटांचे तुकडे भरा. त्यावर खताच्या रिकाम्या गोणीचा, धुतलेला, गोल कापलेला तुकडा अंथरा. पेल्यांच्या तोंडावर मात्र तो कापून मोकळा ठेवा. वरची माती आणि पेल्यातली माती एकमेकींना भिडली पाहिजे. इथं बोटभर पोकळी राहिली तरी पाणी वर चढत नाही, आणि बाहेरून काही कळतही नाही.

(दृश्य: जवळून. गोणीच्या तुकड्याला पाडलेलं गोल तोंड, त्यातून डोकावणारी ओली काळी माती. वरून मिश्रणाची पहिली मूठ पडते, अंगठ्यानं दाबली जाते.)

विटांच्या तुकड्यांमधल्या जागेत अडीच-तीन लिटर पाणी मावतं. विटांऐवजी भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे पालथे घातले तर ते पाच लिटरच्या जवळ जातं. भर उन्हाळ्यात वांग्याचं मोठं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज पितं, म्हणून वांग्या-टोमॅटोला पालथे डबेच बरे. मेथी-पालकाला विटा पुरतात.

आता माती. शेतातली काळी माती चांगली म्हणून नुसती तीच बादलीत भरली, तर फसगत ठरलेली. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. बादलीत ती कडेपासून सुटते, मुळं तुटतात आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. एका बादलीला काळी माती पाच लिटर, चांगलं मुरलेलं शेणखत सहा लिटर आणि जाडसर वाळू चार लिटर, असं प्रमाण धरा. त्यात शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत हातात घेतल्यावर भुगा झाला पाहिजे आणि शेणाचा वास नको. ओलं शेण मुळं जाळतं. खत चाळून घ्या. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली जाड अळी दिसली तर ती हुमणी. ती बादलीत गेली तर झाड उभ्या उभ्या वाळेल आणि कारण वर कुठंच सापडणार नाही.

सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं ढिगानं मिळतं, पण ते कच्चं मातीत मिसळू नका. कुजताना ते मातीतलं नत्र स्वतःकडं ओढतं आणि रोपं पिवळी पडतात. त्याची खरी जागा मातीच्या वर. दोन इंचांचा थर द्या, तोंड झाकलं. तुरीचं भुसकट, उसाचं पाचट, वाळलेला पाला, काहीही चालतं. खोडाला मात्र ते टेकू नये, दोन बोटं मोकळी जागा ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खोड कुजतं.

पहिलं पाणी वरून द्यायचं, सांडव्यातून बाहेर येईपर्यंत. कोरडी वात पाणी ओढत नाही. सगळी माती एकदा पूर्ण भिजली की मगच ओढ सुरू होते. आणि रोप लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे थोडं थोडं वरूनच पाणी घाला, कारण मुळं अजून वरच असतात. हे न केल्यामुळं खाली पाणी भरलेलं असताना वर रोपं वाळलेली दिसतात. त्यानंतर फक्त पाइपमधून.

पाइपच्या तोंडाला आणि सांडव्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधायचाच. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. भाजीपायी घरात ताप आणायचा नाही.

पानं पिवळी, मलूल आणि सांडव्याशी गटारासारखा वास, अशी अवस्था दिसली तर सांडवा बुजला आहे. मुळं गुदमरली आहेत. झाड मलूल दिसतं म्हणून माणूस आणखी पाणी ओततो आणि झाड जातं. आधी तारेनं भोक मोकळं करा.

(दृश्य: मातीवर आलेला पांढरा थर. नखानं खरवडला जातो.)

हा पांढरा थर बुरशीचा नाही, क्षारांचा आहे. बोअरचं पाणी जड असतं. झाड पाणी पितं आणि क्षार मागं राहतात. खालून वर येणाऱ्या पाण्याबरोबर ते पृष्ठभागावर जमतात. खालून पाणी देण्याच्या पद्धतीचा हा एकच मोठा तोटा, आणि तो लपवून उपयोग नाही. थर खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून सांडव्यातून वाहू द्या. यासाठी पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. शंभर चौरस फूट गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला की त्र्याण्णव लिटर पाणी होतं. गळती-उडती सोडून पंचाहत्तर हाती लागतं. पन्हळीखाली एक टिपाड ठेवलं तरी महिन्याची क्षार धुण्याची पाळी निघते. पहिल्या सरीचं पाणी धुळीचं असतं, ते सोडून द्या.

घरातलं कुठलं पाणी चालेल? डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं उत्तम. एसीचं पाणी क्षार नसलेलं, तेही उत्तम. आरओतून फेकलं जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीत तळाला राहिलेलं पाणी क्षारांनी दाट झालेलं असतं, ते या बादल्यांत नको. कपडे धुतलेल्या पाण्यात सोडियम असतं, त्यानं काळ्या मातीची छिद्रं मिटतात आणि ती दगडासारखी होते. आंघोळीचं पाणी अंगणात कर्दळीच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावं, पालेभाजीला नाही.

(दृश्य: आठवडी बाजार. कुंभाराच्या पथारीवर रचलेली मडकी.)

ज्यांना अंगण आहे त्यांच्यासाठी माठ. पाच लिटरचा, बिनरंगाचा, स्वस्तातला. त्यात पाणी भरून तासाभरानं बाहेरून हात लावायचा. गार आणि दमट लागला तर तो पाझरतो. घरचा जुना माठ पाणी थंड करेनासा झाला म्हणून बागेत पुरायचा मोह होतो, पण तो थंड करत नाही याचाच अर्थ त्याची छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. विटेच्या तुकड्यानं बाहेरून घासून, चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवून एकदा पाहा. पाझरला तर घ्या.

माठापेक्षा चारपाच बोटं मोठा खड्डा काढा. काळ्या मातीत माठ नुसता पुरला तर उन्हाळ्यात माती आकसून त्याच्यापासून सुटते. पाझर मग फटीत जातो, मुळांना मिळत नाही. म्हणून भोवती वर सांगितलेलं मिश्रण भरून पायानं नाही, हातानं दाबा. गळा जमिनीच्या वर राहील एवढाच पुरा, वर झाकण. वीतभर अंतरावर चार-पाच वेल किंवा रोपं लावा: दोडका, कारलं, टोमॅटो. माती कोरडी असली की माठ जास्त पाझरतो, ओली असली की कमी. झाडाला किती पाणी हवं हे आपण ठरवायचंच नाही. थंडीत तीन-चार दिवसांनी, मेमध्ये रोज किंवा एका आड एक दिवस भरावा लागतो. दोडक्याच्या मांडवाला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वापरा, एक हंगाम आरामात टिकतात. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र घराशी रचून ठेवू नका. त्यावरच्या राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते.

(दृश्य: मेडिकलमधून आणलेला सलाइनचा नवा सेट. चेंबरमध्ये पडणारा थेंब.)

आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर सलाइनचा सेट. दवाखान्यातला वापरलेला कधीही नको. नवा फार महाग नसतो. पाकिटावर वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर असं छापलेलं बघून घ्या. मिनिटाला वीस थेंब सोडले तर तासाला साठ मिलिलिटर, दिवसाला एक लिटर चारशे चाळीस. पंधरा लिटरचा तेलाचा डबा एका झाडाला दहा दिवस जातो. डब्याला तळापासून दोन बोटं वर भोक पाडून टोक बसवा आणि एम-सीलनं बुजवा. गाळ खाली राहतो. झाकणाला सुईएवढं भोक हवंच, नाहीतर हवा आत येत नाही आणि थेंब बंद पडतो. पाणी कपड्यानं गाळून भरा. डबा उतरत जाईल तसा थेंबही मंदावतो, म्हणून सुरुवातीला मिनिटाला पंचवीसवर ठेवलेला बरा.

(दृश्य: गच्ची. हिरवी शेडनेट, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या बादल्या, विटांवर ठेवलेल्या.)

मार्च ते जून पन्नास टक्क्यांची शेडनेट लागतेच. सगळीकडं बांधणं जमलं नाही तर निदान पश्चिमेकडून बांधा. बादल्यांना बाहेरून चुना द्या, खाली विटा ठेवा. तापलेल्या फरशीवरच्या काळ्या बादलीत कडेची मुळं शिजतात. आणि वजनाचं भान ठेवा. ओली बादली पंचवीस-तीस किलोंची होते. गच्चीच्या मधोमध गर्दी न करता भिंतींच्या आणि बीमच्या वर ठेवा. पत्र्याच्या छतावर अजिबात नाही.

काय लावायचं, हे हवामान ठरवतं. जूनमध्ये भेंडी, गवार, दोडका, चवळी. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो. उन्हाळ्यात तांदुळजा, अंबाडी, सावलीत पुदिना आणि अळू. पारा अडतीसच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुलं गळतात. त्याला खत घालून फरक पडत नाही, फक्त वाट पाहावी लागते. कोथिंबिरीचे धणे चपलेनं हलके रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा. तरीही एप्रिल-मेमध्ये तापलेल्या मातीत ते उगवत नाहीत.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी फवारा. मावा, पांढरी माशी दिसली तर पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, गाळा, चिमूटभर साबण विरघळवा आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालून मारा. माशी खालीच बसते. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात, तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवायच्या.

(दृश्य: वाळलेली भेंडीची शेंग, हातात फुटते.)

भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा जुना वाण आहे, केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला, तोंड देणारा म्हणून निवडलेला. तो सरळ वाण, संकरित नाही. म्हणजे बी घरचं धरता येतं. सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन-तीन शेंगा तोडायच्या नाहीत. त्या झाडावरच वाळून शिरांवर फुटू लागल्या की काढा. दाणे चार दिवस सावलीत वाळवा, चाळलेल्या राखेत मिसळून झाकणाच्या डबीत भरा आणि डबीवर वाणाचं नाव, महिना, वर्ष लिहा. पुढच्या जूनमध्ये पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. सात उगवले तर बी चांगलं, चार उगवले तर दुप्पट पेरा.